माउसचा आवाज

माझ्या कॉम्प्युटरचा माउस कानात ऐकू यायचा. क्लिकचं म्हणत नाही मी, क्लिक सगळ्यांचेच ऐकू येतात. मी म्हणतोय ते माउस फिरवल्यावर होणाऱ्या किरकिरीबद्दल. रात्री उशिरा इअरफोन कानात असायचा, काहीही वाजत नसायचं, आणि एखादं लांबलचक पान खाली सरकवलं की रातकिड्यासारखा एक बारीक आवाज सुरू व्हायचा. पान थांबलं की तोही थांबायचा. भराभर सरकवलं की त्याचा सूर चढायचा. पहिले काही दिवस मला तो चक्क आवडत होता. यंत्र आपल्याशी काहीतरी बोलतंय असं वाटायचं.

मग एकदा तानपुऱ्याचं एक ध्वनिमुद्रण ऐकत होतो. गाणं नाही, नुसता तानपुरा. जवारी नीट लागलेली, चार तारांमधून न छेडलेलेच सूर उठतायत, आणि त्या सगळ्या गुंजनात मधूनच हा रातकिडा. त्या रात्री ठरवलं की साउंड कार्ड घ्यायचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसवायचं, फक्त आवाजाचं काम बघणारं वेगळं कार्ड.

ठरवणं सोपं होतं, निवडणं नाही. परीक्षणं वाचायला बसलो तर जो तो सांगत होता की कार्ड लावल्यावर कानांवरचा पडदा दूर झाला. कोणाचा आवाज 'उबदार' झाला होता, कोणाचा 'मोकळा', कोणाच्या गाण्याला 'खोली' आली होती. मला गंमत वाटली. आवाजासाठी आपल्याकडे शब्दांची काही कमी नाही: किनरा, चिरका, घोगरा, पोकळ, भरदार, फाटका. पण हे बहुतेक शब्द दोष सांगतात, आणि सांगितल्यावर ऐकणाऱ्याला नेमकं कळतं. 'उबदार'वरून काय कळायचं? ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. मी जनाचं इतकं ऐकलं की मनाला काही काम उरलं नाही. पंधरा दिवसांनी खोका घरी आला.

कॅबिनेट उघडून, ग्राफिक्स कार्डापासून शक्य तितक्या लांबच्या स्लॉटमध्ये ते कार्ड दाबलं. बसताना 'टक्' झालं आणि माझ्या पिढीच्या अनेकांच्या मनात जी आठवण येईल तीच माझ्याही आली: दोनशे वीस, पाच, एक.

ज्यांना हे आकडे ठाऊक नाहीत ते सुखी आहेत. एके काळी कुठलाही गेम सुरू करण्यापूर्वी कॉम्प्युटर विचारायचा की तुझं साउंड कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे, कुठल्या इंटरप्टवर (म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची वाट), कुठल्या डीएमए वाहिनीवर (म्हणजे मेमरीशी थेट देवघेव करायची वाट). उत्तर चुकलं तर गेम मुका, नाहीतर पडदा जागच्या जागी गोठलेला. त्याआधीचा काळ आणखी दरिद्री. १९८१ च्या आयबीएम पीसीत एक बारका स्पीकर होता आणि त्याला टायमरच्या चिपकडून एका वेळी एकच सूर मिळायचा. पीं आणि पूं यांच्यामध्ये फारसं काही नव्हतं. १९८७ मध्ये कॅनडातल्या क्यूबेकमधून अ‍ॅडलिब नावाचं कार्ड आलं, त्यावरच्या यामाहाच्या चिपमुळे एकदम नऊ सूर वाजू लागले. १९८९ मध्ये सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं. त्यात तीच यामाहाची चिप होती, शिवाय मुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. म्हणजे माणूस बोलला तर माणूस बोलल्यासारखं ऐकू यायचं, जरा नळीतून बोलल्यासारखं, कारण आवाजाच्या प्रत्येक नमुन्याला फक्त आठ बिट होते, २५६ पायऱ्या. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये त्या पायऱ्या ६५,५३६ झाल्या आणि सीडीच्या तोडीचा स्टिरिओ आवाज घरच्या कॉम्प्युटरमध्ये आला.

तेव्हा कार्ड घ्यावं का हा प्रश्नच नव्हता. कार्ड नाही तर आवाज नाही. १९९८ च्या साउंड ब्लास्टर लाइव्हमधली चिप चौसष्ट आवाज एकाच वेळी स्वतः मिसळायची, त्यांना गुहेचा किंवा सभागृहाचा घुमारा द्यायची, आणि मुख्य प्रोसेसरवर त्याचा भार पडू द्यायची नाही. (तीच चिप आतून ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे आवाजाच्या सेकंदाला ४८ हजार नमुन्यांवर चालायची आणि सीडीचा ४४.१ चा आवाज आधी बदलून घ्यायची. शुद्ध संगीतासाठी कार्ड घेणारे पुष्कळ लोक ती अशुद्धी आनंदाने ऐकत होते, हे मला वर्षांनी कळलं. मीही त्यांच्यात होतो.)

मग एकेक काम हातातून गेलं. इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ हे मानक आणलं आणि आवाजाची चिप थेट मदरबोर्डवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किट बोर्डावर, येऊन बसली. २००४ मध्ये त्याच्या जागी एचडी ऑडिओ आलं. प्रोसेसर इतके वेगवान झाले की चौसष्ट आवाज मिसळणं त्यांना डाव्या हाताचा मळ झालं. २००७ च्या सुरुवातीला बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने तर आवाज मिसळण्याचं काम सॉफ्टवेअरकडेच घेतलं आणि खेळांमधल्या घुमाऱ्यासाठी कार्डाकडे जाणारा जुना रस्ता बंद केला. कार्डाकडे उरलं एकच काम, अगदी शेवटचं: आकड्यांची वीज करायची आणि ती वीज कानापर्यंत न बिघडवता पोचवायची. इंचभराचा रस्ता. माझं नवीन कार्ड त्या इंचभर रस्त्यासाठी आलेलं होतं.

इअरफोन कार्डात लावला, पान सरकवलं. काही नाही. पुन्हा सरकवलं, जोरात. काही नाही. इतका आनंद मला कुठल्या गाण्याने दिला नसेल. मग गाणी लावली आणि परीक्षणांतला प्रत्येक शब्द खरा निघाला. पडदा दूर झाला. खोली आली. उबदार का काय ते, तेही झालं. दोन आठवडे मी जुनी गाणी नव्याने ऐकत होतो आणि जो भेटेल त्याला सांगत होतो.

भेटणाऱ्यांत माझा भाचा होता. इलेक्ट्रॉनिक्स शिकतो, आणि बोलण्यात मामा वगैरे काही पाहत नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, आधी तू इअरफोन कुठे लावायचास?"

"कॅबिनेटला पुढे जॅक आहे ना, तिथे."

"आणि मागच्या जॅकला लावून बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं. मग लावलं. मदरबोर्डच्याच मागच्या हिरव्या जॅकमध्ये, कार्ड बाजूला ठेवून. किरकिर जवळजवळ नव्हती. श्वास रोखून, आवाज पूर्ण वाढवून, भुवया आकसून ऐकलं तर कुठेतरी लांब, शेजारच्या घरातल्या रातकिड्याइतकी. काखेत कळसा म्हणजे काय ते तेव्हा नीट कळलं.

ती किरकिर मुळात कुठून येते हे त्याने मला समजावलं, आणि ते मला कार्डापेक्षाही आवडलं. पान सरकतं तेव्हा ग्राफिक्स कार्ड पडदा पुन्हापुन्हा रंगवतं. प्रत्येक वेळी ते विजेचा एक घोट घेतं. घोट मोठा, आणि सेकंदाला कित्येकदा. सगळ्या भागांची जमीन, म्हणजे ज्या तारेला आपण शून्य व्होल्ट समजतो ती, एकच असते. आणि मोठा प्रवाह तिच्यातून परत गेला की ते शून्य जरासं हलतं. आवाजाचं सर्किट आपला प्रत्येक व्होल्ट त्याच शून्यापासून मोजतं. शून्य हललं की आवाज हलला. शिवाय पुढच्या जॅकपर्यंत जाणारी वायर मदरबोर्डच्या एका कोपऱ्यातून निघते आणि ग्राफिक्स कार्डाच्या जवळून, पंख्यांच्या वायरींना खेटून, सगळं कॅबिनेट ओलांडून पुढे येते. बहुतेक वेळा तिच्याभोवती जाळीचं आवरणही नसतं. वाटेत जे बोललं जातं ते सगळं ती ऐकते आणि येऊन माझ्या कानात सांगते. कानभरणी करणारं माणूस असावं तशी.

म्हणजे मी माउस ऐकत नव्हतो, ग्राफिक्स कार्डाचे घोट ऐकत होतो. आणि ते न ऐकण्यासाठी मला एक वायर दोन हात मागे लावायची होती.

पण गाण्यांचं काय? ती तर बदलली होती! पडदा, खोली, ऊब? मी हट्टाने म्हटलं की किरकिरीचं सोड, पण कार्डाचा आवाजच वेगळा आहे. तो म्हणाला, ओळखून दाखव.

टेबलावरचे स्पीकर घेतले. मी पाठ करून बसलो, तो कॅबिनेटमागे. आधी सहज म्हणून पाचसहा फेऱ्या केल्या. तो वायर काढायचा, लावायची तिथे लावायचा, आउटपुट बदलायचा, तेच गाणं सुरू करायचा, आणि मी सांगायचो: हे कार्ड. हे मदरबोर्ड, बघ कसा बसका आवाज. हे कार्ड, गायिकेचा श्वाससुद्धा मोकळा झाला. शेवटी तो म्हणाला, "मामा, मागच्या तिन्ही वेळा मी वायर काढून परत तिथेच लावली."

मी गप्प.

मग आम्ही ते रीतसर केलं. आधी दोन्हींचा आवाज समान करायचा. हे मी कधीच केलं नव्हतं, आणि तिथेच माझ्या दोन आठवड्यांच्या आनंदाचा उलगडा होता. माझं कार्ड त्याच खुणेवर मदरबोर्डपेक्षा जास्त व्होल्ट देत होतं, म्हणजे नुसतं मोठ्याने वाजत होतं. आणि मोठा आवाज कानाला नुसता मोठा वाटत नाही, भरीव वाटतो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख काढून ठेवले आहेत. फरक थोडा असला तर 'मोठा' असं कळतही नाही, 'चांगला' असंच वाटतं. दुकानात दोन यंत्रं शेजारीशेजारी ऐकवतात तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. भाच्याने १०० हर्ट्झचा एक सूर लावला, स्पीकरच्या वायरीवर मल्टिमीटर धरला आणि दोन्ही बाजू दशांश डेसिबलच्या आत आणल्या. फार उंच सूर साध्या मल्टिमीटरला नीट मोजता येत नाही, म्हणून १००.

सोळा फेऱ्या. प्रत्येक वेळी नाणं उडवून ठरवायचं, आणि बदल असो वा नसो, वायर काढून पुन्हा लावायचीच, नाहीतर खटक्यावरून ओळखू येतं. सोळापैकी बारा बरोबर आली तर मानायचं की कानाला काहीतरी कळतंय, कारण निव्वळ नशिबाने बारा किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी.

माझी नऊ आली.

नऊ म्हणजे नाणं. मला थोडं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं ते याचं की पंधराव्या फेरीपर्यंत मला खात्री होती. चुकीचं उत्तर देतानाही खात्री होती. पुढे वाचलं की माझी सोबत मोठी आहे. मायर आणि मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) सारखा उच्च प्रतीचा आवाज एकदा तसाच, आणि एकदा सीडीच्या १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या चाळणीतून काढून ऐकवायचा. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. निम्म्याहून एक कमी.

मग खोक्यावरचे आकडे कशासाठी असतात? माझ्या कार्डावर १२० च्या वर डेसिबल लिहिलेले होते. साध्या मदरबोर्डांवरच्या चिपच्या कागदपत्रांत ९५ च्या आसपास दिसतात. हा आकडा म्हणजे सर्वांत मोठा आवाज आणि सर्किटची स्वतःची खरखर यांच्यातलं अंतर. पंचवीस डेसिबल म्हणजे फार मोठा फरक, कागदावर. पण हिशोब करून पाहा. गाणं कानाला त्रास होईल इतक्या मोठ्याने, १०० डेसिबलला लावलं, तर ९५ वाली खरखर पाच डेसिबलवर बसेल. रात्रीची शांत खोली स्वतःच तीसच्या घरात असते. ती खरखर खोलीच्या शांततेखाली गाडलेली आहे. आणखी पंचवीस डेसिबल खोल पुरली म्हणून तिच्यावरून चालणाऱ्याला काय कळणार? आणि ९५ हा चिपचा आकडा आहे, बोर्डाचा नाही. ती चिप कुठे बसवली, तिच्या शेजारून काय जातं, पुढच्या जॅकची वायर कशी नेली, हे कोणी खोक्यावर छापत नाही. माझा रातकिडा ९५ च्या आकड्यात कुठेच नव्हता.

२४ बिटचंही तसंच. बिटमागे सहा डेसिबल धरले तर १४४ होतात, पण तिथवर पोचणारं सर्किट मी तरी पाहिलेलं नाही. साध्या रेझिस्टरमध्येसुद्धा, वीज न वाहता, नुसत्या खोलीच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन वळवळत असतात आणि त्याची खरखर होते. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये ती मोजून आणि समजावून ठेवली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला २४ बिटचा उपयोग आहे, त्याला पातळी ठरवताना वर जागा मोकळी ठेवता येते. ऐकणाऱ्याला १६ पुरतात.

एवढं झाल्यावर वाटेल की कार्ड परत खोक्यात गेलं असेल. नाही गेलं, आणि त्याला माझा हट्ट हे एकच कारण नाही.

माझ्याकडे ३०० ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) एक मोठा, कान झाकणारा हेडफोन आहे. तो मदरबोर्डवर पूर्ण आवाजातही मरगळलेला वाजायचा. इथे गणित कार्डाच्या बाजूने आहे. एक मिलिवॉट पोचवायला १६ ओहमच्या इअरफोनला ०.१३ व्होल्ट पुरतात, ३०० ओहमच्या हेडफोनला ०.५५ लागतात, आणि वाद्यवृंदात झांजा एकदम कडाडतात तिथे मिलिवॉट एकाचे वीस झाले तर जवळपास अडीच व्होल्ट. मदरबोर्डच्या जॅककडून तेवढी अपेक्षा धरता येत नाही. कार्डावर हेडफोनसाठी वेगळा ॲम्प्लिफायर आहे, त्याला ते सहज जमतं. हा फरक ओळखायला पाठ करून बसावं लागत नाही.

उलट टोकालाही एक फरक आहे. जॅकच्या स्वतःच्या अडथळ्याचे ओहम इअरफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावेत असा एक जुना आडाखा आहे. काही मदरबोर्डांवर ते ओहम पंचाहत्तरच्या घरात असतात. त्यात १६ ओहमचा, आत तीनचार बारके ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) असलेला इअरफोन लावला तर त्याचा तोल बदलतो: प्रत्येक सुराला त्याचा अडथळा वेगळा, म्हणून प्रत्येक सुराला वाटणी वेगळी. कोणाला तो बदललेला आवाज 'उबदार' वाटतही असेल! परीक्षण लिहिणारे सगळे खोटं बोलत नव्हते, इतकंच म्हणतो. कशामुळे ते त्यांनी शोधलं नव्हतं.

स्पीकरमधून येणारी घूं मात्र कार्डाने गेली नाही. ती ५० किंवा ६० हर्ट्झची, भिंतीतल्या विजेची. कॉम्प्युटर एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्या, आणि दोन अर्थिंगच्या मध्ये वायरीचं एक मोठं वेटोळं तयार झालेलं. कार्ड त्याच कॅबिनेटच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेलं, ते वेटोळं कसं तोडणार? दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावले आणि घूं गेली. त्याने जमलं नसतं तर ऑप्टिकल वायर होती. काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून प्रकाश जातो, अर्थिंग जात नाही.

कोणी विचारलं तर मी आता उलट क्रमाने सांगतो. आधी वायर मागे लाव. मग एकाच बोर्डावरून वीज घे. तरी किरकिर राहिली तर यूएसबीवर चालणारी बाहेरची डबी बघ, ती निदान त्या गोंगाटाच्या घरात राहत नाही. गाणं मुद्रित करायचं असेल, कीबोर्ड वाजवायचा असेल, तर तीच बरी. तिथे प्रश्न आवाजाच्या प्रतीचा कमी आणि उशिराचा जास्त असतो. ४८ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा बफर (वाजवण्याआधी साठवून ठेवलेला आवाज) म्हणजे पाच मिलिसेकंदांचा उशीर, म्हणजे वाद्य दोन पावलं लांब ठेवून वाजवण्यासारखं. जड हेडफोन असेल तर ॲम्प्लिफायर हवा, मग तो कार्डावर असो की बाहेर. विचारणारा हे सगळं ऐकून घेतो आणि म्हणतो, ते ठीक आहे, पण कार्ड कोणतं घेऊ?

मध्यंतरी कॅबिनेट साफ केलं. धूळ काढली, सगळ्या वायरी परत जोडल्या. त्यानंतर रोज संध्याकाळी स्पीकरवर गाणी ऐकत होतो, आणि एकदा मनात आलंही की काही म्हणा, या कार्डाचा आवाज स्पीकरवरही छान लागतो. अकराव्या दिवशी आवाज कमी करायला कोपऱ्यातल्या चिन्हावर क्लिक केलं तर तिथे मदरबोर्डचं नाव. वायर चुकून त्याच्या हिरव्या जॅकमध्ये गेली होती, आणि जोडताना पडद्यावर आलेली सूचना मी न वाचताच बंद केली असणार.

भाच्याला हे सांगितलेलं नाही. स्पीकरना फरक पडत नाही हे मला सोळा फेऱ्यांनी शिकवलेलं होतं आणि आता अकरा दिवसांनी. मोबाइलचा उजेड धरून टेबलाखाली शिरलो, हिरव्या जॅकमधून वायर काढली, कार्डात लावली. बाहेर येताना डोकं आपटलं. मग तोच तानपुरा पहिल्यापासून लावला.